अपडेटनंतर कॉम्प्युटर अडून बसलाय? फॉरमॅट मारायच्या आधी एवढं करा

महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारनंतर येणारा बुधवार हा माझ्या फोनचा वार. मायक्रोसॉफ्ट विंडोजचे सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सोडते. तिकडे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजलेले असतात, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. रात्री कॉम्प्युटर बंद करताना तो अपडेट घेत बसतो आणि सकाळी कुणाचा आवाज गेलेला असतो, कुणाचा प्रिंटर, कुणाचा अख्खा डेस्कटॉप. नातेवाइकांत ‘कॉम्प्युटरवाला’ म्हणून माझी ख्याती असल्यामुळे फोन मला येतात. त्यातले निम्मे लोक मला विचारण्याआधीच दुकानात जाऊन आलेले असतात आणि दुकानदाराने एकच औषध सांगितलेलं असतं : फॉरमॅट मारा.

अपडेटनंतरच्या बिघाडाला फॉरमॅट लागण्याची वेळ फार क्वचित येते. नवा माणूस घरबसल्या काय करू शकतो ते इथे सांगतो. क्रम मात्र पाळा. आधी असे उपाय, की जे चुकले तरी काही बिघडत नाही. फायलींना हात लावणारे उपाय अगदी शेवटी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम केल्या की कशाने बरं झालं ते कळत नाही, आणि आणखी बिघडलं तर कशाने बिघडलं तेही कळत नाही.

हे सगळं विंडोज ११ धरून लिहितो आहे. विंडोज १०ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. ज्यांनी वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवलं त्यांना ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. उपाय दोन्हीकडे बरेचसे सारखेच आहेत, मेनूंच्या जागा थोड्या वेगळ्या.

आधी बघा, दोष अपडेटचाच आहे का

कॉम्प्युटर सुरू होत असेल तर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘विंडोज अपडेट’ आणि त्यात ‘अपडेट हिस्टरी’ उघडा. कोणत्या तारखेला काय आलं त्याची यादी दिसेल. प्रत्येक अपडेटला ‘केबी’ अक्षरांपुढे सात आकडी नंबर असतो. तो कागदावर लिहून घ्या. तक्रार सोमवारी सुरू झाली आणि अपडेट बुधवारी आलं असेल, तर बिचाऱ्या अपडेटला बोल लावू नका. हार्डडिस्क मरत असेल, उंदराने वायर कुरतडली असेल (हे झालेलं आहे), मुलाने गेमसाठी काहीतरी टाकलं असेल.

तारीख जुळली तर तो केबी नंबर गुगलमध्ये टाकून बघा. मायक्रोसॉफ्ट प्रत्येक आवृत्तीच्या माहीत असलेल्या अडचणी ‘विंडोज रिलीज हेल्थ’ नावाच्या पानावर नोंदवते. तुमची तक्रार तिथे असेल, तर बहुतेक वेळा तुम्हाला काहीच करायचं नसतं. काही दोष कंपनी दुरूनच मागे घेते आणि तो बदल घरच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. नेट चालू ठेवा, दुसऱ्या दिवशी रीस्टार्ट करा.

रीस्टार्टच म्हणतोय मी, शटडाऊन नव्हे. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाऊन केल्यावर आतला गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच पुन्हा उठते, कालच्या घोळासकट. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. ‘मी तर तीनदा बंद-चालू केलं’ म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी रीस्टार्ट एकदाही केलेलं नसतं.

टक्के हलत नाहीत

‘वर्किंग ऑन अपडेट्स’ आणि आकडा ३०वर अडकलेला. इथे लोक घाईने बटण दाबून बंद करतात, आणि खरा बिघाड तिथून सुरू होतो. तो आकडा प्रामाणिक नसतो. कधी एका जागी पाऊण तास बसतो आणि मग दोन मिनिटांत शंभरावर जातो. जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर आणखी वेळ. कॅबिनेटवरचा डिस्कचा छोटा दिवा लुकलुकत असेल तर आत काम चालू आहे, हात लावू नका.

मी स्वतः तीन तास थांबतो. तीन तासांत दिवाही नाही आणि आकडाही नाही, तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरून बंद करायचं, पेनड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरची डिस्क असं सगळं काढायचं, फक्त माऊस आणि कीबोर्ड ठेवायचा आणि पुन्हा चालू करायचं. बहुतेक वेळा विंडोज स्वतःच ‘अनडूइंग चेंजेस’ म्हणत मागे फिरतं. हे मागे फिरणंही लांबतं, त्यालाही तेवढाच वेळ द्या.

लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा. डेस्कटॉपच्या साध्या यूपीएसच्या भरवशावर अपडेट सुरू करू नका, तो दहा-पंधरा मिनिटांचा सोबती. आमच्याकडे महावितरणचा देखभालीचा वार गुरुवार आहे, त्यामुळे बुधवारी रात्री मी कुणालाही अपडेट सुरू करू देत नाही.

सुरूच होत नाही

माझी आत्या साताऱ्याला असते. एकदा सकाळी सात वाजता तिचा फोन : “अरे, पडदा निळा झालाय आणि कसलातरी नंबर मागतोय. बँकेचा ओटीपी आहे का हा?”

ओटीपी नव्हता. पण नव्या माणसाची दातखीळ बसते ती इथेच, म्हणून जरा सावकाश सांगतो.

आधी कॉम्प्युटर कुठवर येतोय ते बघा. कंपनीचं चिन्हसुद्धा दिसत नसेल, तर दोष वीज, केबल किंवा हार्डवेअरचा असण्याची शक्यता जास्त. खालचे उपाय तिथे चालणार नाहीत. चिन्ह येतं, ठिपके गोल फिरतात आणि तिथेच अडतं किंवा पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतं, तर दुरुस्तीच्या मेनूत शिरायचं. ठिपके फिरत असताना पॉवरचं बटण दाबून धरा, बंद करा, पुन्हा चालू करा. असं दोनदा झालं की तिसऱ्या वेळी विंडोज आपण होऊन निळ्या पडद्याचा मेनू उघडतं. लॉग-इनच्या पडद्यापर्यंत पोचत असाल तर एवढी मारामारी नको. शिफ्टचं बटण दाबून धरून पडद्यावरच्या रीस्टार्टवर क्लिक केलं की तोच मेनू येतो.

मेनूत ‘ट्रबलशूट’, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’. तिथे या क्रमाने जा :

१. ‘स्टार्टअप रिपेअर’. काही बिघडवत नाही, कधीकधी काम करून जातं. एकदाच करून बघा, पाचदा नको.

२. ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. यात दोन पर्याय असतात. ‘क्वालिटी अपडेट’ म्हणजे महिन्याचं छोटं अपडेट, आधी ते काढा. ‘फीचर अपडेट’ म्हणजे वर्षाकाठी येणारी मोठी नवी आवृत्ती. काल रात्री तीच आली असेल तरच दुसरा पर्याय. दोन्हींत तुमच्या फायली जागच्या जागी राहतात.

३. ‘सिस्टिम रिस्टोर’. आधीच्या तारखेची नोंद असेल तर तिथे परत जाता येतं. त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्रॅम जातात, कागदपत्रं आणि फोटो जात नाहीत. बऱ्याच कॉम्प्युटरवर ही सोय बंदच असते, तेव्हा यादी रिकामी दिसली तर नवल वाटू देऊ नका.

४. ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मधून रीस्टार्ट करून ४ नंबरचं बटण, म्हणजे सेफ मोड. पडदा ओबडधोबड दिसेल, तो तसाच असतो. सेफ मोडमध्ये नीट चालतंय याचा अर्थ दोष बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा (प्रिंटर, आवाज, वाय-फाय अशा भागांची विंडोजशी गाठ घालून देणारा छोटा प्रोग्रॅम) किंवा बाहेरून टाकलेल्या अँटिव्हायरसचा. तो अँटिव्हायरस काढून बघा. इथे कधीकधी पिन चालत नाही, पूर्ण पासवर्ड लागतो.

मेनू आला पण माऊस-कीबोर्ड मेल्यासारखे पडले, असंही झालेलं आहे. १४ ऑक्टोबर २०२५च्या अपडेटने विंडोज ११च्या नव्या आवृत्त्यांत नेमक्या या दुरुस्तीच्या मेनूतच यूएसबीचे माऊस आणि कीबोर्ड बंद पाडले होते. औषधाच्या बाटलीचं झाकणच अडकलं म्हणायचं. कंपनीने २० ऑक्टोबरला घाईने वेगळं अपडेट काढून ते निस्तरलं.

आता आत्याचा नंबर. पडदा जो मागत होता ती बिटलॉकरची रिकव्हरी की. लॅपटॉप चोरीला गेला तर डिस्कवरचं कुणाला वाचता येऊ नये म्हणून ती कुलूपबंद केलेली असते. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन करताच हे कुलूप आपोआप लागतं, मालकाला पत्ताही नसतो. अपडेटने सुरू होण्याच्या पद्धतीत काही बदल झाला की कॉम्प्युटर बिचकतो आणि ४८ आकडी किल्ली मागतो.

ही किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात जा, ‘डिव्हायसेस’मध्ये आपला लॅपटॉप शोधा, तिथे ‘रिकव्हरी कीज’ दिसतील. दोन-तीन असतील तर निळ्या पडद्यावर किल्लीचा जो ओळखक्रमांक दिसतो, त्याची सुरुवातीची आठ अक्षरं जुळणारी घ्या. आत्याच्या खात्यात काहीच निघालं नाही, कारण लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना तिच्या मुलाने स्वतःचं खातं टाकलं होतं. तो रात्रपाळी करून झोपलेला. अकराला उठला, किल्ली सापडली, मी फोनवर सहा-सहा आकड्यांचे आठ गट वाचले, आत्याने चष्मा पुसत भरले. पाचव्या गटात एक आकडा चुकला, पुन्हा सगळं. पण लॅपटॉप उघडला.

किल्ली कुठेच नसेल तर त्या डिस्कवरचं परत मिळत नाही, मायक्रोसॉफ्टही देऊ शकत नाही. म्हणून पडद्यावर दिसेल तो पर्याय दाबत ‘रीसेट’पर्यंत, म्हणजे विंडोज नव्याने टाकण्यापर्यंत, जाऊ नका. घरातल्या प्रत्येकाचं खातं, शाळा-कॉलेजचं किंवा ऑफिसचं खातंसुद्धा आधी तपासा.

सुरू होतो, पण

*फार हळू चालतोय.* मोठ्या अपडेटनंतर पहिले काही तास हे व्हायचंच. फायलींची शोधसूची नव्याने बनते, सुरक्षा तपासणी चालते. चालू ठेवून जेवायला जा. दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि कोण डिस्क खातंय ते बघा. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली असेल, म्हणजे जागा संपत आली असेल, तर तेच कारण. जागा करताना एक सावधगिरी : ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ लगेच पुसू नका. मागे जायचा रस्ता त्यातूनच आहे.

*पडदा काळा, माऊसचा बाण मात्र दिसतोय.* विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. टुक असा आवाज येईल, पडदा लुकलुकेल.

*आवाज गेला.* नव्वद टक्के वेळा आवाज गेलेला नसतो, दुसरीकडे वळलेला असतो. घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावरून आउटपुट कुठलं निवडलंय ते बघा. एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरला स्पीकर नसतानाही विंडोज बिनदिक्कत त्यालाच आवाज पाठवत बसतं.

आवाज, वाय-फाय, कॅमेरा यांपैकी काहीही खरंच गेलं असेल तर रस्ता एकच. स्टार्टवर उजवं क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा, त्या वस्तूवर दोनदा क्लिक करा, ‘ड्रायव्हर’ टॅबमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबता येत असेल तर दाबा. ते फिकट असेल तर त्याच वस्तूवर उजवं क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा, ड्रायव्हर पुसण्याची चौकट रिकामीच ठेवा, आणि रीस्टार्ट. विंडोज ती वस्तू पुन्हा ओळखतं. हेही फसलं तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं कृपा करून नको.

वाय-फायच नसेल तर ड्रायव्हर उतरवायचा कसा? मोबाइल चार्जिंगच्या केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉट सेटिंगमधलं ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा.

*प्रिंटर.* याच्यावर मोठा लेख होईल. अपडेटनंतर दोन गोष्टी आधी बघा : डीफॉल्ट प्रिंटर बदललाय का, आणि जुनं काम रांगेत अडकलंय का. स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ शोधून उघडा, यादीत ‘प्रिंट स्पूलर’वर उजवं क्लिक करून ‘रीस्टार्ट’. त्याने नाही भागलं तर प्रिंटर काढून पुन्हा जोडा. आणि कधी प्रिंटर आपोआप कागदांवर निरर्थक इंग्रजी ओळी छापायला लागला, तर त्याला भूत लागलेलं नाही. जानेवारी २०२५च्या अखेरच्या अपडेटनंतर काही यूएसबी प्रिंटरांनी हेच केलं होतं. प्रिंटरला मिळणारे आदेशच तो मजकूर समजून छापत होता. मार्चच्या अखेरच्या अपडेटमध्ये ते सुधारलं.

फायली दिसत नाहीत

डेस्कटॉप कोरा करकरीत. पहिला नियम : त्या कोऱ्या डेस्कटॉपवर नवं काही सेव्ह करू नका.

हे बहुधा दोनपैकी एका कारणाने होतं. एक, विंडोजने तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये लॉग-इन केलंय. कोपऱ्यात ‘टेंपररी प्रोफाइल’ असा संदेश येऊन जातो. फेब्रुवारी २०२०च्या एका अपडेटनंतर बऱ्याच जणांचं असं झालं होतं. फायली डिस्कवर सुखरूप होत्या. दोन-तीनदा रीस्टार्ट करा. तरी तेच, तर सी ड्राइव्हमध्ये ‘युझर्स’ फोल्डर उघडून आपल्या नावाचं जुनं फोल्डर शोधा आणि त्यातलं सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्या.

दुसरं कारण वनड्राइव्ह, म्हणजे फायली नेटवर ठेवायची मायक्रोसॉफ्टची सोय. मोठ्या अपडेटनंतर ‘तुमचा पीसी सेट करू या’ छाप पडदे येतात, आपण वैतागून पुढे-पुढे दाबत जातो आणि त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वनड्राइव्हमध्ये ठेवायला होकार देऊन बसतो. मग फायली वनड्राइव्हच्या फोल्डरातल्या ‘डेस्कटॉप’मध्ये सापडतात. फुकट जागा ५ जीबी. ती भरली की निरोपांचा मारा सुरू.

फायली खरोखर गेल्या असंही एकदा झालंय. ऑक्टोबर २०१८च्या मोठ्या अपडेटने काही लोकांच्या फायली पुसल्या आणि ६ ऑक्टोबरला कंपनीला ते थांबवावं लागलं. बाहेरच्या डिस्कवर एक प्रत असावी, एवढंच त्यातून घ्यायचं.

मराठी अक्षरं

मराठीत काम करणाऱ्यांची ही वेगळीच डोकेदुखी आहे. वर्डची जुनी फाइल उघडली की ओळी सरकलेल्या, पानं वाढलेली, तर मंगल फॉन्ट बघा. विंडोज १०पासून मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट मूळ विंडोजबरोबर न येता वेगळ्या संचात असतात. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘ऑप्शनल फीचर्स’ टाका आणि ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ जोडून घ्या.

अक्षरांऐवजी इंग्रजी अगम्य चिन्हं दिसत असतील तर फाइल खराब झालेली नाही. ती शिवाजी, कृतिदेव, श्री-लिपी किंवा आयएसएमच्या योगेश-सुरेखसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे आणि तो फॉन्ट उडालाय. रीसेट किंवा फॉरमॅटनंतर हमखास होतं. फॉन्ट पुन्हा टाकला की मजकूर जसाच्या तसा परत. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, पतसंस्थांचे अहवाल अजून याच फॉन्टांत पडून आहेत, तेव्हा आपल्याकडचे फॉन्ट आजच एका पेनड्राइव्हवर काढून ठेवा.

कीबोर्ड गायब असेल तर ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये मराठी निवडून इन्स्क्रिप्ट किंवा फोनेटिक जोडा. भाषा बदलायला विंडोजचं बटण आणि स्पेसबार.

अपडेट काढायचंच असेल

‘अपडेट हिस्टरी’च्या तळाशी ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ आहे. लिहून ठेवलेला केबी नंबर शोधून काढून टाका. लगेच ‘पॉज अपडेट्स’ही करा, नाहीतर रात्रीतून तेच परत येईल. पॉज जास्तीत जास्त ५ आठवडे. कायमचं बंद करायच्या युक्त्या यूट्यूबवर पुष्कळ आहेत. ज्या कॉम्प्युटरवर तुम्ही बँक उघडता त्यावर त्या करू नका.

अख्खी नवी आवृत्ती नको असेल तर ‘सिस्टिम’मधल्या ‘रिकव्हरी’त ‘गो बॅक’ आहे. मुदत १० दिवस.

मागे जाऊनही नीट होत नसेल तर त्याच ‘रिकव्हरी’ पानावर ‘फिक्स प्रॉब्लेम्स युझिंग विंडोज अपडेट’ दिसेल. यात विंडोज स्वतःवरच पुन्हा चढतं. फायली, प्रोग्रॅम, सेटिंग्ज सगळं राहतं. काही जीबी डाउनलोड आणि एक-दोन तास. दुकानदाराने सांगितलेल्या फॉरमॅटच्या जागी मी हेच करतो, आणि बहुतेकांचं इथे भागतं. त्याच्या पुढची पायरी ‘रीसेट’. त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तरी तुम्ही टाकलेले प्रोग्रॅम जातात, म्हणजे टॅलीपासून डिजिटल सहीच्या टोकनच्या ड्रायव्हरपर्यंत सगळं पुन्हा टाकणं आलं.

या धावपळीत गुगलवर ‘विंडोज हेल्पलाइन’ शोधून दिसेल त्या नंबरला फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या चुकीच्या संदेशात फोन नंबर कधीच नसतो. कुणी एनीडेस्क (दुरून तुमचा कॉम्प्युटर चालवू देणारं ॲप) टाकायला सांगितलं आणि पैसे गेले तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा.

पुढच्या मंगळवारच्या आत

विंडोज अपडेटच्या पानावरचं ‘गेट द लेटेस्ट अपडेट्स ॲज सून ॲज दे आर अव्हेलेबल’ हे बटण बंद ठेवा, आणि नावात ‘प्रीव्ह्यू’ असलेलं अपडेट घेऊ नका. ती महिन्याच्या शेवटाकडे येतात, ज्यांना चाखून बघायची हौस आहे त्यांच्यासाठी. ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह घेऊन त्यावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरच्या ‘मीडिया क्रिएशन टूल’ने विंडोज भरून ठेवा. कॉम्प्युटर पूर्ण बंद पडला की तो बनवायला शेजाऱ्याचा कॉम्प्युटर मागावा लागतो.

आणि बिटलॉकरची किल्ली कागदावर छापून घ्या. आत्याने ती आधी लॅपटॉपच्या बॅगेतच ठेवली होती. आता रेशनकार्डाच्या पाकिटात आहे, आणि एक प्रत माझ्याकडे.